निरोप तोंडानं सांगायचा असतो

सन बहात्तर. मी वीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीतच सुटली होती, पण चालण्यात मी कुणाला हार जात नव्हतो. त्या साली आमच्या सिरसाळ्याकडच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले आणि सारं गाव खडी फोडायला गेलं. सोसायटीच्या गोदामात लाल मिलो, अमेरिकेतनं आलेली ज्वारी, यायचा. तो आला की माणसांना कळवायचं कसं, हा चेअरमनपुढं प्रश्न. माणसं माळावर, नाल्यावर, तलावाच्या कामावर पांगलेली. एकदा चेअरमननी मला हाक मारली, "ये बे, तुझे पाय लांब हायेत. जा, समद्यांना सांगून ये." मी सांगून आलो. संध्याकाळी गोदामापुढून कुणी रिकामं परतलं नाही. मग मी सोसायटीचा शिपाईच झालो.

शिपाई म्हणजे काय, तर निरोप. मिलो आला, खत आलं, सभा हाय, साहेब येणार हाय. कागद सोसायटीत चिकटवलेला असायचाच, पण कागद बघायला येतो कोण? मी दारात उभा राहायचो, माणसाला नावानं हाक मारायचो आणि तो "बरं" म्हणेपर्यंत हलायचो नाही. बायकोनं आतून "सांगते त्यांना" म्हणलं तरी मी म्हणायचो, "तुमी सांगालच, पर मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय." लोक हसायचे. म्हणायचे, हा येडा हाय, ह्याला बरं म्हणा न्हाईतर हा जेवायला बसंल. हसू देत. माझा एक निरोप कधी वाया गेला नाही, हे आजही मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

सोसायटीचे निरोप नेता नेता गावानं मरणाचे निरोपही माझ्याच गळ्यात घातले. त्याची रीत निराळी. मेल्याचं दारात सांगायचं नाही. "मावशीला लई जास्त झालंय, चला" एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याला कळतं. तो तुमच्या तोंडाकडं बघतो, तुम्ही खाली बघता, झालं. पण ते मेली म्हणून तोंडातून काढायचं नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि सांगून परत फिरायचं नाही, माणसाला सोबत घेऊनच यायचं. वाटेत त्याला रडू द्यायचं, बसू द्यायचं, गावाची शीव दिसायच्या आत त्याला मनानं तिथं पोचवायचं. मी कुणाकडून शिकलो नाही. चालता चालता आलं.

त्याच दुष्काळात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. बाप आधीच गेलेला, घरात मोठा मीच. मुलगा धारूरच्या डोंगरातला, चांगल्या घरचा, पण त्यांच्याकडंही आमच्यासारखाच खडखडाट. खडीच्या कामाला एक दिवस सुट्टी टाकून लग्न लावलं. कामावर वाटायच्या त्या सुकडीच्या पिठाचे लाडू केले आणि तेच गोड. नवरीला माहेरचं लुगडं पाहिजे. आईनं स्वतःचं जुनं काढलं, रंगात बुडवलं आणि माझ्या हातात दिलं. रंग ओलाच होता. मी ते धाकटीच्या अंगावर टाकलं तर तिचे हात हिरवे झाले. ती हसायला लागली. म्हणाली, "दादा, बांगड्या घ्यायचं वाचलं बघ."

मी हसलो नाही. मला ते लागलं. घाट चढून ती गेली तेव्हा मी तिला म्हणालो, "बाई, एक दिवस तुला असं लुगडं घेईन की तुझी सासू बघत राहील." आणि घेतलं. एकदा नाही, दर दिवाळीला घेतलं. पीक असो नसो, सोसायटीचा पगार होवो न होवो, धाकटीचं लुगडं चुकलं नाही. तेलगावपर्यंत मिळेल त्या गाडीनं जायचं आणि धारूरचा घाट चढून तिच्या दारात हाक मारायची. ती आतूनच म्हणायची, "आला बघा माझा सरकारी निरोप."

आमच्यात एक बोलणं मात्र नेहमीचं. आमच्याकडं बाई मेली की माहेरच्यांनी आणलेलं लुगडं तिच्या अंगावर घालतात, आणि भाऊ आल्याबिगर तिला उचलत नाहीत. तिचा नवरा माझ्याहून थकलेला, दम्याचा माणूस. तरी ती म्हणायची, "मी ह्यांच्या आधी जाणार. हिरवं नेसून जाणार." मी रागवायचो. ती पुढं म्हणायची, "पहिलं लुगडं तू मला ओलं दिलंस. शेवटचं कोरडं दे. तू आल्याबिगर मी तिरडीवरनं उठणार न्हाई, सांगून ठिवते."

"तिरडीवरनं कुणी उठतं का गं?"

"उठत न्हाई ना? मग पडून ऱ्हाते की तुझी वाट बघत."

दोन हजार अठराच्या भाऊबीजेला मी तिला हिरवं इरकली नेलं, लाल काठाचं. तिनं ते उलगडून बघितलं, गालाला लावलं आणि घडी घालून परत माझ्या पिशवीत घातलं. "हे ठिव तुझ्यापशी. त्या दिवशी आण." मी चिडलो, तसाच निघणार होतो. मेव्हण्यांनी हाताला धरून बसवलं. येताना ते लुगडं घेऊन आलो आणि पेटीत तळाला, लिंबाचा पाला घालून ठेवून दिलं.

मधल्या वर्षांत सोसायटी बदलली. मी शिपाई होतो तोवरच कॉम्प्युटर आला. त्याला पंखा मिळाला, मला कधी मिळाला नव्हता. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग सभेची नोटीस मोबाईलवर जायला लागली. नवा सचिव पोरगेला, बोलायला गोड. म्हणाला, "आण्णा, कावून उन्हात फिरता? एक बटण दाबलं की साऱ्या गावाला जातंय."

"जातंय खरं. पोचतंय का?"

"हे बघा ना, दोन निळ्या रेघा आल्या. म्हणजे बघितलं."

"बघितलं म्हणजे ऐकलं का?"

तो हसला. म्हणाला, "तुमच्याशी कोण बोलंल."

त्या सालच्या सभेला खुर्च्याच जास्त होत्या. गावानं निळ्या रेघा पाठवल्या आणि माणूस पाठवला नाही. ठराव मात्र सारे पास झाले. पूर्वी मी दारात गेलो की माणूस विचारायचा, "खताचं काय ठरलंय? अमक्याला कावून मिळालं, मला कावून न्हाई?" ते मी सोसायटीत येऊन सांगायचो आणि सभेला तो तावातावानं यायचा. आता कुणी काही विचारत नाही. विचारायचं असलं तर गटावर एक रागाचं तोंड टाकतो आणि झोपतो. डेअरीचंही तसंच. दुधाचा फॅट मोबाईलवर येतो, तो बरोबरही असतो, माझी तक्रार नाही. पण डेअरीच्या ओट्यावर सकाळी जी गर्दी असायची, कुणाची म्हैस गाभण, कुणाची पोर सासरी नांदत नाही, ते सारं तिथं कळायचं, तो ओटा ओस पडला. मी निवृत्त झालो आणि माझ्या जागी कुणी आलं नाही. निरोप न्यायला आता माणूस लागत नाही, असं कागदावर लिहिलं गेलं.

पोरानं मला बोटानं चालणारा फोन घेऊन दिला. तो आणि सूनबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पार पश्चिमेकडं. तिथनं नातवंडांचं तोंड दिसावं म्हणून. मी नको म्हणालो. सूनबाई म्हणाली, "आण्णा, तुमच्यासाठी न्हाई, आमच्यासाठी घ्या." मग घेतला. पोरानं मला भावकीच्या गटात घातलं, सोयऱ्यांच्या गटात घातलं. बारीक अक्षर मला दिसत नाही आणि दिसलं तरी एकेक जुळवत बसावं लागतं. म्हणून त्यानं मला एक युक्ती शिकवली. "कुणाचा फोटो आला, की हे जोडलेले हात दाबायचे, मग हा बाण. लोकांना वाटतं, आण्णांनी बघितलं. मान ऱ्हातो." कुणाचा वाढदिवस असो, कुणी निवडून येवो, मी हात जोडायचो. चार लोक म्हणायला लागले, आण्णा लई हुशार झाले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

दोन हजार एकोणीसचा तो फाल्गुन. पाऊस आदल्या साली मधेच तुटलेला, कडबा संपलेला. डेअरीच्या संस्थेनं माळावर चारा छावणी घातली होती. मी माझे दोन बैल घेऊन तिथंच राहायला होतो. बैलांच्या कानात बिल्ले मारलेले. रोज एक माणूस यायचा, बिल्ल्याला मोबाईल दाखवायचा, तो टुक् करायचा, मग चारा. एकदा माझ्या पांढऱ्यानं मान झटकली आणि बिल्ला दिसला नाही, तर तो माणूस म्हणतो, "ह्यो बैल आज न्हाई." बैल त्याच्या पुढ्यात उभा. मी म्हणालो, "हात लावून बघ बे, हाय का न्हाई." शेजारी शेळ्यामेंढ्यांवाला एक धनगर म्हातारा होता, त्याच्या गाई होत्या छावणीत. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या सकाळी मी बैलांना पाणी दाखवून आलो आणि फोन उघडला. सोयऱ्यांच्या गटात माझ्या धाकटीचा फोटो. भाच्याच्या लेकीच्या लग्नातला. नाकात नथ, हसरं तोंड, डोईवर पदर. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली लाल वळणावळणाची अक्षरं, फुलांत गुंतलेली. उन्हानं काच चमकत होती. आठच दिवसांपूर्वी तशाच झेंडूच्या चौकटीत कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला होता. धारूरच्या एकाच दुकानात ती सगळी चित्रं तयार होतात, हे मला मागनं कळलं.

मी धनगराला दाखवलं. "बघ. माझी बहीण. कशी दिसती?"

त्यानं फोन लांब धरला, जवळ धरला. "झकास दिसती की. आज काय हाय तिचं?"

"लग्नाचा वाढदिवस आसंल. ह्याच महिन्यात लग्न लावलं आमी. बहात्तरच्या दुष्काळात."

"मग पेढे आण की बे."

फोटोखाली साऱ्यांनी हात जोडले होते. मीही हात दाबले, बाण दाबला. माझे हात त्यांच्या हाताखाली जाऊन बसले. धाकटी बघंल आणि म्हणंल, दादाला आता हेही जमतंय. दिवसभर मी खुशीत होतो. दुपारी चारा टाकताना बैलांशीसुद्धा तिचंच बोलत होतो, तिचे हात कसे हिरवे झाले ते.

दुपार कलायला लागली आणि पोराचा फोन आला. मागं उसाच्या पाल्याचा सळसळाट. तो रडत होता.

"आण्णा, आत्याला दिलं म्हणं अग्नी. तुमी पोचलात का?"

"कुणाला?"

त्यानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"कुणाला दिलं बे?"

"आण्णा... तुमी सकाळीच हात जोडलेत की. मी आता फोन चार्ज केला तवा बघितलं. मला वाटलं तुमी तिथंच हाय."

धनगर म्हणाला, बैलांचं मी बघतो, तू नीघ. मी घरी गेलो, पेटी उघडली, लिंबाचा पाला झटकला, लुगडं काखेत मारलं. सिरसाळ्याहून जीप मिळाली तेलगावपर्यंत. तिथनं दुसरी. घाटात गाडी चढता चढेना आणि मला वाटत होतं, उतरून पळत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. वय विसरून वाटत होतं. सोबतच्या माणसांनी विचारलं, कुठं निघालात. मी म्हणालो, "बहिणीला लई जास्त झालंय." तोंडातून दुसरं आलंच नाही.

पोचलो तेव्हा कोरड्या ओढ्याच्या काठी नुसता विस्तव उरला होता. लाकडं बसली होती. माणसं परतली होती, भाचा आणि दोघे म्हातारे थांबले होते. भाच्यानं मला बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मामा... आलात?"

"मला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की मामा. पहाटं गेली ती. उजाडायला टाकलं मी गटावर. तुमचे हात आले."

"हात आले आन् मी आलो न्हाई, हे तुला इपरीत न्हाई वाटलं?"

त्यानं मान खाली घातली. "वाटलं. दोनदा फोन लावला, लागला न्हाई. दुपारपर्यंत ठिवलं तिला. म्हातारी माणसं म्हणली, छावणीत जनावरं हायेत, दुष्काळ हाय, सोडून येता येत नसंल, म्हणून हात जोडून मोकळे झाले. ऊन वाढत चाललं होतं मामा. किती ठिवायचं?"

"एक माणूस पाठवला असतास."

"कोण हाय गावात? समदे तोडीला गेलेत. तिरडीला खांदा द्यायला शेजारच्या वस्तीवरनं माणसं आणली. पाठवू कुणाला?"

तो खोटं बोलत नव्हता. मग त्यानं आपणहून सांगितलं. रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ती म्हणाली होती, दादाला निरोप द्या. ह्यानं म्हणलं, सकाळी देतो. पहाटे शुद्ध होती तोवर तिनं परत विचारलं, दिला का निरोप? हा म्हणाला, दिला.

"मग गप पडली," भाचा म्हणाला. "म्हणली, मग येईल तो."

माहेरचं लुगडं म्हणून कुणी काय घातलं, ते मी विचारलं. आमच्या बाजूच्या गावची एक सून त्या गल्लीत नांदते. तिनं स्वतःच्या पेटीतलं आणलं आणि म्हणाली, मी त्यांच्याच शिवंची हाय, माहेरचं म्हणून माझं घाला. त्या बाईचं मी तोंडही बघितलेलं नव्हतं. नंतर तिच्या दारात जाऊन तिच्या पाया पडलो, ती माझ्या नातीच्या वयाची.

मी काखेतलं लुगडं काढलं. घडी मोडली. ते लांबच्या लांब पसरलं आणि विस्तवावर धरलं. भाचा धावला, "मामा, हात भाजंल." मी त्याला कोपरानं ढकललं. डोक्याकडनं पायाकडं, जसं अंगावर घालतात तसं टाकलं. थोडा वेळ ते नुसतं पडून राहिलं, हिरवंगार, लाल काठाचं. सारी राख झाकली गेली. मला वाटलं, आता ती पदर सावरील. मग मधनं काळं पडत गेलं.

घरी मेव्हणे भिंतीला टेकून बसले होते. दम्यानं बोलता येत नव्हतं. मी शेजारी टेकलो. त्यांनी माझा भाजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. एकदा म्हणाले, "तुमच्या नावानं चहा ठिवायला लावलता सकाळी." बस्स एवढंच.

दिवे लागले तेव्हा मला आठवलं. मेव्हण्यांची बहीण, म्हणजे धाकटीची नणंद, धारूरच्या किल्ल्यापलीकडं डोंगरात एका वाडीला दिलेली. दोघींचं मेतकूट. नणंद-भावजय म्हणून भांडलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. दिवसभरात ती कुठं दिसली नव्हती.

"तुझी आत्या कुठाय?" मी भाच्याला विचारलं.

"तिच्या पोराला टाकलं की. तो कर्नाटकात तोडीला हाय. ती एकलीच असती वाडीवर, तिच्यापशी कुठं फोन."

"मग तिला कुणी सांगितलं?"

त्यानं खिशातनं फोन काढला, बोटानं वर वर सरकवत गेला आणि थांबला. फोन माझ्यापुढं धरला. धाकटीचा हसरा फोटो, त्याखाली हात, हात, हात. त्यातल्या एकावर त्यानं बोट ठेवलं. "हे बघा, त्याचेबी हात आलेत." बोलता बोलताच त्याला कळलं. त्यानं फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मी त्याला जवळ घेतलं. पोरगं वाईट नाही. आईला दिला म्हणाला ते तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, पण आत्याचं त्याला खरंच वाटत होतं की सांगितलं म्हणून.

"उद्या मी गाडीवर जातो," तो म्हणाला.

"तुला इथनं हलता येत न्हाई. तू विस्तव दिलास. मी जातो."

"मामा, डोंगराची वाट हाय. तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला मी निघालो. फोन त्यांच्या कोनाड्यातच ठेवला. किल्ल्याच्या अंगानं वाट वर जाते, दगडधोंड्यांची, दोन्ही बाजूला वाळलेली कुसळं. गुडघे बोलत होते. मधे मधे बसलो, पण परत फिरलो नाही. वाडीवर दोनच घरांची दारं उघडी. नणंदबाई अंगणात वाकून झाडत होत्या. मी कुडापाशी उभा राहिलो आणि नावानं हाक मारली.

त्यांनी मान वर केली. ओळखल्यावर तोंडभर हसल्या. "अगं बया, दादा! येवढ्या सकाळी? बसा, पाणी आणते."

"पाणी नको," मी म्हणालो. "वयनीला लई जास्त झालंय. चला."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी खाली बघितलं. त्यांच्या हातातला झाडू गळून पडला. मी कुडाच्या आत गेलो, त्यांचा हात धरला, दाराला कडी घातली आणि दोघं किल्ल्याच्या वाटेला लागलो.